चेनवाला सुती गाऊन: आठ महिने, एक चिकनगुनिया आणि एक मांजर

आधीच सांगते, हा गाऊन मी हौसेने घेतलेला नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर मला चिकनगुनिया झाला. ताप उतरला, घरातले सगळे हुश्श झाले, आणि सहाव्या दिवशी सकाळी मला कळलं की मला बटण लावता येत नाही.

तेव्हा माझ्याकडे दोन गाऊन होते, दोन्ही पुढे चार बटणांचे. बटणं शर्टाच्या बटणाएवढीच. रात्रीतून कोणीतरी माझी बोटं खळ घालून वाळवावीत तशी झाली होती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटतच नव्हती. पलंगाच्या कडेला बसून एक बटण काजात घालेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, तरी ते अर्धंच गेलं. शेवटी नवऱ्याला हाक मारली. चोवीस वर्षांच्या संसारात त्याच्यावर ही वेळ आली नव्हती. तो खाली वाकून बराच वेळ खटपट करत होता, मग म्हणाला, "अगं, तुमची बटणं उलट्या बाजूला असतात?" हे त्याला पन्नाशीला आल्यावर कळलं.

त्याच संध्याकाळी लेक लक्ष्मी रोडवर गेली आणि हा गाऊन घेऊन आली. मेंदी रंग, पांढरी बुट्टी, अर्ध्या बाह्या, गळ्यापासून पोटापर्यंत चेन, उजवीकडे एक खिसा. एक्सएल, उंची ५४ इंच. दुकानदाराने ४५० सांगितले, तिने ४२० ला आणला. कंपनीचं नाव विचारू नका, लेबल पहिल्याच दिवशी कापून टाकलं. त्याची गोष्ट पुढे येईल.

आमचं घर कर्वेनगरात, दुसऱ्या मजल्यावर. मी, नवरा, लेक, एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आणि पिठलं. पिठलं म्हणजे आमचं मांजर. पिवळं म्हणून पिठलं. आहे बोका, पण नावामुळे घरात त्याचं सगळं नपुंसकलिंगीच चालतं. तसंही त्याचं ऑपरेशन झालेलं आहे.

त्या पावसाळ्यात पुण्यात कोण आजारी नव्हतं ते विचारा. जूनच्या शेवटी एरंडवण्यात झिकाचे पेशंट सापडले, मग डेंगी, मग चिकनगुनिया. सोसायटीच्या जिन्यात माणसं कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरायची, आणि समोरून येणारा काही न विचारताच समजायचा. माझी तिसऱ्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह आली होती. रक्तात अँटिबॉडी दिसायला पाचेक दिवस जावे लागतात, असं डॉक्टर नंतर म्हणाले. तोवर डेंगी नाही हे नक्की होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, बाकी कुठलीही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, अशी सक्त ताकीद. आणि दुखतं म्हणजे काय! मनगटं, बोटं, घोटे, टाचा. पहाटे बाथरूमपर्यंतची सात पावलं मी भिंतीला हात लावून मोजायचे. लेकीने मोबाइलवर शोधून सांगितलं की चिकनगुनिया हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला आहे, अर्थ 'वाकवून टाकणारा'. आजच्या टांझानियात १९५२ साली साथ आली तेव्हाचं हे नाव. आणि त्याच १९५२ साली आपल्या पुण्यात विषाणूंवर काम करणारी संस्था सुरू झाली, तीच आजची एनआयव्ही. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "नाव ठेवणाऱ्याला स्वतःला झाला असणार, त्याशिवाय इतकं नेमकं सुचत नाही."

तर गाऊन.

पहिल्या दिवशी चेनने पण घात केलाच. चेनच्या रनरला जी पत्र्याची जीभ असते ती इतकी लहान होती की चिमटीत धरायला बोटं जुळायलाच हवीत. म्हणजे बटणाचंच दुखणं. सासूबाईंनी परकराच्या जुन्या नाडीचा वीतभर तुकडा कापला, रनरच्या भोकातून ओवला आणि गाठ मारून त्याचा फासा केला. आता चिमूट नको, तर्जनी फाशात अडकवायची आणि हात खाली ओढायचा. वर न्यायची असेल तर दुसऱ्या हाताच्या पंज्याने कापड पोटाशी दाबून धरायचं. सकाळी सहा वाजता, बोटं अजून झोपलेली असतानासुद्धा हे मला एकटीला जमलं. त्या दिवशी मी सासूबाईंसमोर रडले, आणि त्या मला बरं वाटावं म्हणून "लंगोटापासून गाऊनपर्यंत नाडीशिवाय कुणाचं चाललंय!" असं काहीतरी म्हणाल्या.

ह्या आठ महिन्यांत माझं मत असं झालंय की आजारपणाच्या कपड्याचं कापड किती मऊ आहे हे आपण उगाच चिवडत बसतो. दुकानात आपण बोटांत धरून चुरगळून बघतो ते कापड. बघायचं असतं ते हे, की हा कपडा वाईटातल्या वाईट सकाळी आपला आपल्याला घालता आणि काढता येईल का. विशेषतः काढता. कारण ताप उतरताना घाम फुटतो तेव्हा रात्री दोन वाजता ओला कपडा काढायचा असतो, आणि त्या वेळी कोणाला उठवायचं जिवावर येतं.

हे मी अनुभवाने सांगते, कारण दोन गाऊन आणखी झाले.

एक होजिअरीचा, ऑनलाइन मागवलेला, ८०० च्या आतबाहेर. हाताला लोण्यासारखा. ताणला जातो, त्यामुळे सुजलेल्या मनगटावरून बाही सहज जाते, हे कबूल. पण डोक्यातून घालायचा, आणि माझा उजवा खांदा तेव्हा कानाच्या वर जात नव्हता. एकदा अर्ध्यात अडकले. डोकं आत, हात वर, बाहेर पिठलं ओरडतंय कारण त्याला मालकीणबाईचं तोंड दिसत नाही. शिवाय होजिअरी धुतली की पाणी पिऊन बसते. हाताने कपडा पिळता येत नसेल तर ओला होजिअरीचा गाऊन बादलीतून उचलून बघा. मी बघितला, तो तिथेच सोडला, आणि लेक कॉलेजमधून येईपर्यंत तो बादलीत होता. सप्टेंबरात तो दोन दिवस वाळला नाही आणि मग त्याला जो कुबट वास लागला तो आजतागायत आहे.

त्याचा निकाल मात्र पिठल्याने लावला. मांजरं बसण्याआधी पुढच्या पायांनी कणीक मळतात, ते तुम्हाला माहीत असेल. पिठलं माझ्या पोटावर रोज रात्री पोळ्यांची कणीक मळतं, चांगली वीस माणसांची. होजिअरी म्हणजे एकात एक अडकवलेले फासे. नख एका फाशात गेलं की धागा लांबवर ओढला जातो. तीन महिन्यांत पोटावर अशी जाळी झाली की लेक म्हणाली, आई, तू गाळण्याचं कापड घातलंयस. ह्या सुती गाऊनचं कापड उभ्याआडव्या धाग्यांचं, साधं. नखं त्यातही जातात, बारीक बारीक भोकं पडली आहेत, उजेडात धरलं की दिसतात, पण धागा निघत नाही. मांजर असलेल्या घरात होजिअरी घेऊ नये, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते.

दुसरा प्रयोग सासूबाईंचा. "माझ्या दोन सुती साड्या नुसत्या पडल्यात, इतक्या मऊ झाल्यात, त्याचा शिवून घे." खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी शिवून दिला, पैसेही घेतले नाहीत. मला वाटलं होतं हाच जिंकणार. नाही जिंकला. तोही डोक्यातून घालायचा, आणि साडी तीस वर्षं धुऊन धुऊन इतकी विरली होती की सहा आठवड्यांत गुडघ्यावर चर्रकन गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी तो घडी करून पिठल्याच्या टोपलीत घातला. टोपलीत मात्र अजून टिकून आहे.

मांजर आणि ताप ह्यावरून एक गंमत. दुसऱ्या रात्री मला १०२ ताप होता आणि पिठलं पायाशी झोपलं होतं. मला वाटलं माझ्यामुळे ह्यालाही ताप आला, इतकं गरम लागत होतं. लेकीने त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. मांजराचं रोजचंच तापमान १०१-१०२ फॅरनहाइट असतं. म्हणजे घरात आम्हा दोघांना सारखाच ताप, त्यातलं एक ठणठणीत. पुढे महिनाभर मी त्याचा शेकाच्या पिशवीसारखा वापर केला. दिवसा सासूबाईंचा निर्गुडीच्या पाल्याचा शेक, रात्री पिठल्याचा. सुती कापडातून ती ऊब चांगली पोचते, आणि पिशवीसारखी तासाभरात गार पडत नाही. फक्त कूस बदलायची झाली की तिची परवानगी लागते.

आता खिसा. हा खिसा मला आवडला होता. खोल, उजव्या हाताला, त्यात मोबाइल, रुमाल आणि गोळ्यांची स्ट्रिप राहायची. खिशाला झाकण नाही. एकदा दुपारी मी आडवी झाले आणि स्ट्रिप घसरून खाली पडली. जाग आली ती खुडखुड आवाजाने. पिठलं पॅरासिटामॉल ६५० ची स्ट्रिप फरशीवर पंज्याने ढकलत होतं, झुरळ मिळाल्यासारखं. मला उठता येईना. उठेपर्यंत ती पलंगाखाली गेली. नवऱ्याने मोजल्या, सगळ्या गोळ्या जागेवर होत्या, एका कप्प्याला फक्त दाताची खूण. मी पिठल्याच्या डॉक्टरांना फोनवर सहज म्हणून सांगितलं तर पलीकडचा आवाजच बदलला. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, आणि माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. "ताप वाटला म्हणून चमच्याने पाजून आणतात लोक," असंही ते म्हणाले. त्या दिवसापासून गोळ्या कपाटात, डब्यात, आणि खिशाला मावशींकडून टिचबटण. हो, टिचबटण मला दाबता येतं, मूठ आपटली की लागतं. ज्यांच्या घरी मांजर आणि आजारी माणूस दोन्ही आहे त्यांनी बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

गाऊनच्या तक्रारी पण आहेत.

लेबल: गळ्यामागे नायलॉनचं, कडक, चारही टोकं सुईसारखी. माझ्या अंगावर तेव्हा गोवरासारखं पुरळ होतं, पाठीवर आणि दंडांवर जास्त. त्यावर ते लेबल म्हणजे खाजकुइली. कापलं तर शिलाईतला अर्धा तुकडा राहिला, तो आणखी टोचरा. शेवटी उसवून काढावं लागलं. सुती कपडा शिवणाऱ्यांनी लेबल नायलॉनचं का लावावं, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

रंग: पहिल्या धुण्यात मेंदी इतकी उतरली की नवऱ्याची तीन बनियनं लग्नघरातली दिसायला लागली. चौथ्या धुण्यानंतर थांबला. आता मेंदी कमी आणि वाळलेला कढीपत्ता जास्त असा रंग आहे.

आटणं: लांबीला दोन बोटं आटला. आधी घोट्यापर्यंत होता, आता घोटे उघडे. एरवी काही म्हटलं नसतं, पण चिकनगुनियाचा डास घोट्यांनाच चावतो. त्यामुळे खाली लेगिंग आली, म्हणजे सुटसुटीतपणा गेला.

ह्या डासावरून आठवलं. सप्टेंबरात महापालिकेचे डास तपासणारे दोघं आले. घरात मी एकटी. आता गाऊन घालणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे की दार उघडण्याआधी गाऊनवर ओढणी यायलाच हवी. दूधवाला असो, कुरिअरवाला असो, ओढणी म्हणजे गाऊनचा परवाना. ओढणी दुसऱ्या खोलीत, मी लंगडत. मी खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि दार उघडलं. घरात डास होणं शक्यच नाही, मी सांगितलं, आम्ही दिवेलागणीला सगळ्या खिडक्या लावतो. त्यातला तरुण मुलगा म्हणाला, "ताई, हा डास दिवसा चावतो." मग त्याने गॅलरीत टॉर्च मारला. पिठल्याचं पाण्याचं भांडं बघितलं, ते रोज बदलतो म्हणून ठीक. फ्रिजच्या मागचा ट्रे कोरडा. मग त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतली मनीप्लांटची बाटली उचलली. बाटलीत अळ्या. वळवळत वर येत होत्या, खाली जात होत्या. माझ्या ओट्यापासून दीड हातावर, मी रोज ज्याची पानं पुसते त्या मनीप्लांटच्या मुळांत. टॉवेलसकट मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, बाटली आठवड्याला रिकामी करा, आणि नुसतं पाणी ओतू नका, आतून घासा, अंडी काचेला चिकटून कोरडीसुद्धा कित्येक महिने जगतात, असं तो सांगत होता. दंड केला नाही, समज दिली. मनीप्लांट आता कुंडीत आहे. नवऱ्याला दहाव्या दिवशी ताप आला तेव्हा मी त्या बाटलीबद्दल काही बोलले नाही.

हो, त्यालाही झाला. तो लुंगी आणि बनियनवर निभावून गेला. ना बटण, ना चेन. पुरुषांच्या आजारपणाचा कपडा आपल्याकडे आधीच शोधून ठेवलेला आहे, हे तेव्हा लक्षात आलं. लुंगीची गाठ मात्र त्याला मारता येईना, ती मी माझ्या वाकड्या बोटांनी मारली. बटणाची परतफेड.

चेनचा एक अपघात सांगायलाच हवा. ऑक्टोबरात मी जोरात चेन वर ओढली आणि पिठलं किंचाळलं. पोटावर बसलं होतं, शेपटीचे केस चेनच्या दातांत. ते पळायला बघतंय, मी त्याला धरायला बघतेय, आणि दोघं एकाच चेनने जोडलेले. लेकीने कात्रीने केस कापले. शेपटीला टक्कल पडलं, ते भरून यायला दोन महिने लागले. चेन तेव्हापासून मधे एका ठिकाणी अडायची. त्यावर मेणबत्ती घासली की सरळ चालते, महिन्यातून एकदा पुरतं.

थंडीत हा गाऊन पुरा पडत नाही. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास आला की सांधे पुन्हा धरायचे, तीन महिने होऊन गेले तरी. त्यावर मी लेकीचं फ्लीसचं जाकीट घालायचे, पॉलिएस्टरचं. ऊबदार, पण कोरड्या हवेत पिठलं जवळ आलं की चटचट आवाज यायचा आणि त्याचे सगळे सुटे केस जाकिटावर उभे राहायचे. सुती गाऊनवर केस बसतात पण ओल्या हाताने पुसले की निघतात. एप्रिलात, चाळिशी गाठलेल्या उन्हात, गाऊनचं सोनं झालं. घाम टिपतो, अंगाला चिकटत नाही, आणि रात्री धुतला तर सकाळी सहाला वाळलेला असतो.

आठ महिन्यांनंतरची अवस्था: काखेत डावीकडे शिलाई उसवली, कारण आत इंटरलॉक नव्हतं आणि मार्जिन अगदी बोटाच्या नखाएवढी. मावशींनी दोन टीप मारून दिल्या. खालची पट्टी एका बाजूने सुटली आहे, ती मी दुमडून घातलीच नाही अजून. सुई धरता येते, पण तिच्यात दोरा ओवायला अजून लेक लागते. कापड पहिल्यापेक्षा मऊ झालंय, चेन शाबूत, नाडी तीच. पाचात चार. एक गुण लेबलाचा कापला.

मागच्या रविवारी लक्ष्मी रोडला त्याच दुकानात गेले, स्वतः, जिना स्वतः चढून. मेंदी रंग नव्हता, जांभळा मिळाला, किंमत आता ४९०, एक रुपया कमी केला नाही. ह्या वेळी डबल एक्सएल घेतला, आटायचं धरून. घरी आल्यावर आधी लेबल उसवलं, मग सासूबाईंकडे नाडी मागितली. त्या म्हणाल्या, "आता तुझी बोटं चालतात की." म्हटलं, आई, पावसाळा दीड महिन्यावर आलाय, असू दे.